चंद्राला पाटावरून उठवणारे सासरे

चंद्राला तोंडावर 'ऊठ, ही जागा तुझी नव्हे' असं सुनावणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि त्याच माणसानं मला आपली मुलगी दिली. आमचे सासरे मालवणच्या बाजारात चहाचं हॉटेल चालवत. हॉटेल म्हणजे चार बाकं, एक भट्टी, भज्यांची परात आणि उंच फळीवर ठेवलेला बॅटरीवरचा रेडिओ. शिक्षण मराठी चौथी. पण प्रेमगीतातला कवी त्या बाईला नेमका कसा वर चढवतो, कुठल्या पायरीवर त्याचा पाय घसरतो आणि कुठं तो लबाडी करतो, हे त्यांच्याइतकं चोख सांगणारा माणूस मला कोल्हापूरच्या कॉलेजातही भेटला नाही. हे मी बी. ए. झालेला माणूस म्हणून सांगतो. आमच्या धामापूरकडच्या घरात माझ्या आधी सगळ्यांचे अंगठेच कागदावर उठत आले होते, त्यामुळे या दोन अक्षरांचा मला भारी अभिमान. नोकरी लागून मालवणच्या हायस्कुलात आलो तेव्हा मी छत्रीवर पांढऱ्या रंगानं नावापुढं 'बी. ए.' लिहून घेतलं होतं. सासऱ्यांनी पहिल्या दिवशी ती छत्री उलटसुलट करून वाचली आणि विचारलं, "छत्री बीए झाली ता समाजला. तू काय झालंस?"

रेडिओला ते रोज अबोलीचं फूल वाहत. गाणं लागलं की हॉटेलात तीन गोष्टींना बंदी: बोलणं, चमचा वाजवणं आणि दुसरी बशी मागणं. भूक लागलेल्या माणसानं कडव्यांच्या मध्ये वाद्यं वाजतात तेवढ्या वेळात खुणेनं भजी मागावीत, आणि तेसुद्धा एका हातानं. मुंबईहून भावगीतं लागत, लंकेहून हिंदी. "रामान सीता आणल्यान त्याच लंकेतसून आता गाणी येतत," ते सांगत, "आणि अजून तीच बोंब. प्रत्येकाची बाय हरावलेली."

त्यांचा मूळ सिद्धांत असा की प्रेमाचं गाणं हे गाऱ्हाणं असतं. ज्यांनी आमच्या भागातलं गाऱ्हाणं ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. देवळात मानकरी देवापुढं उभा राहून सगळ्या गावाच्या वतीनं मोठ्यानं विनवणी करतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेले लोक एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. सासऱ्यांच्या गावच्या रवळनाथापुढं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्याच घराण्याचा, त्यामुळे त्या कलेतलं त्यांना सगळं ठाऊक. ते म्हणत, "पयलो देवाचो मोठेपणा. मगे आपलो बारीकपणा. आणि मागणी सगळ्यात शेवटाक. उभ्या उभ्या मागणी केलंस तर देव देयत? मगे बाय कशी देयत?" कुठलंही गाणं लागलं की ते बोटावर मोजत. मोठेपणा झाला, बारीकपणा झाला, आता बघा मागणी येते. आणि यायचीच. हिंदी गाण्यात शब्द कळत नसले तरी गाणाऱ्याचा आवाज खाली आला की ते ओळखत. "बारीक झालो बग मेलो, आता मागतलो."

कडवं संपलं आणि मनाला पटलं की ते भट्टीमागून म्हणत, "व्हय म्हाराजा!" हळूहळू गिऱ्हाइकांनाही ती सवय लागली. एकदा रत्नागिरीहून आलेले कचेरीतले एक कारकून भजी खात बसले होते. रेडिओवरच्या एका बुवांनी प्रेयसीच्या पैंजणांवर जीव ओवाळून टाकला, आणि चारी बाकांवरून एकदम 'व्हय म्हाराजा' झालं. कारकूनसाहेब दचकून उठले, टोपी काढली आणि रेडिओला हात जोडून उभे राहिले. गाणं संपेपर्यंत खाली बसले नाहीत. जाताना म्हणाले, "देवस्थान जागृत दिसतंय."

मी मॅट्रिकच्या वर्गाला अलंकार शिकवायचो. त्यामुळे सासऱ्यांनी अलंकारांना ठेवलेली नावं पहिल्यांदा कानावर आली तेव्हा माझं पित्त खवळलं. गालाला गुलाबासारखा म्हटलं की ते म्हणत, "शेजार झालो." गाल हाच गुलाब म्हटलं की म्हणत, "आता घरजावय झालो. शेजारी होतो, आता नावपण ह्येंचाच लावता." सगळ्या ओळीत एकच अक्षर घुमायला लागलं की म्हणत, "वल्ही बरोबर पडतत." कवी पार आकाशाला जाऊन भिडला की उधाण. निर्जीव वस्तू बोलायला लागली, वारा थबकला, फूल लाजलं, की डोळे बारीक करून सांगत, "फुलाच्या आंगात इलां." आणि तिच्यापुढं चंद्र फिका पडला की ते खुशीत येऊन टेबलावर फडकं आपटत. "उठवल्यान! चंद्राक पाटावरसून उठवल्यान!"

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "तुम्ही ज्याला शेजार म्हणता ना, त्याला उपमा म्हणतात."

"उपमा माका शिकवतंस? रोज सकाळी करतंय मी. रवो भाजूक अर्धो तास लागता."

"तो नव्हे. हा अलंकार आहे."

"अलंकार सोनाराकडे. हय चाय गावता."

पण त्या दिवसापासून मी रोज चार वाजता तिथं जायला लागलो. चहासाठी जातो असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं कारण चार वाजता घरून नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन येई. ती त्यांची मुलगी. आता आमच्या घरात हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवायची सोय नाही, पण लिहायला हरकत नाही. ती मला पहिल्यापासून 'ओ बीए' म्हणूनच हाक मारी, आणि वडिलांच्या चंद्राबिंद्राला काडीची भीक घालत नसे. अंगणात चंद्र आल्याचं एक गाणं लागलं होतं तेव्हा डबा ठेवता ठेवता म्हणाली, "आमच्या आंगणात शेवाळ आसा. चंद्राक सांगा, पाय जपून टाकूक."

आता सासऱ्यांची सगळ्यात मोठी विक्षिप्तता सांगतो. इतका वेळ चंद्र-सूर्यांना उठवणारा-बसवणारा हा माणूस स्वतःच्या तोंडानं कधी कुणाची स्तुती करत नसे. त्यांच्या शब्दकोशात कौतुकाचा एकच शब्द होता, 'बरां आसा', आणि तोही ते खडीसाखरेसारखा जपून वापरत. सासूबाईंच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी तो उभ्या जन्मात दोनदाच वापरला. एकदा लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सासूबाईंनी केलेल्या, तिरफळं घातलेल्या बांगड्यांच्या तिखट कालवणाला, म्हणजे तिखल्याला, आणि एकदा रेडिओ आणला तेव्हा रेडिओला. "माका नाय," सासूबाई सांगत, "तिखल्याक. मी परत परत तसांच करून बगलंय, पण परत काय बोलले नाय." मग भट्टीकडे बघून आवाज चढवत, "लोकांच्या बायलांका चंद्राच्या पाटार बसयतत, आणि घरातल्या बायलेक पाट पण तिनांच घेवचो!" यावर सासरे शांतपणे म्हणत, "गाणा लागलांसा. गप."

पुढं आमच्या वडिलांनी दोन जाणती माणसं घेऊन रीतसर मागणी घातली. पत्रिका जुळली, घर पसंत पडलं, वडिलांच्या आंब्यांच्या कलमांची चौकशी झाली. सगळं झाल्यावर सासरे म्हणाले, "झिलाची परीक्षा माका घेवची आसा." माझे वडील अभिमानानं म्हणाले, "घेवा. तेना सगळ्यो परीक्षा दिल्यानी." मीही मनात म्हटलं, दोन विषयांत कॉलेजात पहिला आलेला माणूस, आपल्याला कसली भीती.

त्या महिन्यात रेडिओवर एक गाणं रोज लागत होतं. सगळ्या बाजाराला ते पाठ झालं होतं:

तू उभी अंगणात, चंद्र विसरला वाट,
पाहुनी तुज सागराने गिळली अपुली लाट.
मी तुझ्या वाटेतला गं एक साधा खडा,
लागला जर पाय तर मी फुलुन होईन केवडा.

आम्ही सगळे हॉटेलात बसलो असताना तेच लागलं. सासऱ्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "सांग. ह्या गाण्यातली बाय दिसाक कशी आसा?"

मी उभा राहिलो. शाळेत एक तास पंचेचाळीस मिनिटांचा असतो. मी पूर्ण तास घेतला. चंद्र वाट विसरला ही चेतनगुणोक्ती, सागरानं लाट गिळली ही अतिशयोक्ती, खड्याचा केवडा होतो तिथं नम्रतेतून उत्कर्ष. सगळी फोड करून दाखवली. ऐकता ऐकता दोन गिऱ्हाइकं उठून गेली, आणि आमच्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. सासऱ्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "ही भांड्यांची नावां झाली. जेवान खंय? माझो सवाल वायलो. बाय दिसाक कशी आसा? उंच काय बुटकी? नाक कसां?"

मी मनात चारी ओळी पालथ्या घातल्या. नाक कुठंच नव्हतं. डोळेही नव्हते. मी चाचरत म्हणालो, "गोरी असणार."

"कित्यावरसून?"

"चंद्र आहे ना त्यात."

"चंद्र वाट विसारलो असा म्हटला हा. चुन्याचो डबो नाय सांडलो तेच्या हातातसून."

मी नापास. माझे वडील परत जाताना वाटेत एवढंच म्हणाले, "इतक्यां शिकलंस, आणि एका बायचां नाक सांगूक येवक नाय?" सासऱ्यांनी मला येत्या रविवारची मुदत दिली होती. पण त्याच रविवारी रेडीहून दुसरं एक स्थळ यायचं होतं. मुलगा बंदरावर खनिजाच्या बोटी भरून घेणारा मुकादम, पगार माझ्याहून जास्त, आणि छत्री कोरी. त्या आठवड्यात मी वर्गात उपमा शिकवताना तीनदा 'शेजार' म्हणालो. मुलं हसली. मी गाणं कागदावर उतरवून काढलं, ओळीखाली रेघा मारल्या, पण बाईचा पत्ता लागेना.

गुरुवारी मी तो कागद पुढ्यात घेऊन हॉटेलात बसलो होतो. ती डबा घेऊन आत शिरली. माझ्या बाकाजवळून जाताना, वडिलांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, म्हणाली, "ओ बीए, तुम्ही सारखे कागदात बगतास. हय माणसां बसली आसत ती कोण बगतलो?"

मी मान वर केली. ती म्हणाली म्हणून तिच्याकडे न बघता माणसांकडे बघितलं. समोर कोर्टातले बेलीफ बशी ओठाला लावून बसले होते. फुंकरही घातलेली होती, पण घोट काही आत जाईना. शेजारच्या गाडीवानानं भजं उचललं होतं ते तोंडाऐवजी मिशीत गेलं आणि तिथंच राहिलं. कोपऱ्यातले एक म्हातारे, रोज गुडघ्यांच्या नावानं शंख करणारे, ताडकन उठून तिला बसायला जागा देत होते. बाकावर सहा माणसांची जागा मोकळी होती. आणि नेमकं त्याच क्षणी वर फळीवरून रेडिओ म्हणाला, सागराने गिळली अपुली लाट. मी बेलीफांच्या बशीकडे बघितलं. डबा ठेवल्याचा आवाज झाला, बांगड्या वाजल्या, ती निघून गेली, आणि मला कळलं की या सगळ्या वेळात मी तिला पाहिलंच नव्हतं. तरी इतकी सुंदर ती मला आधी कधी दिसली नव्हती. मी एवढ्या आनंदात उठलो की छत्री तिथंच विसरलो.

रविवारी रेडीची मंडळी माझ्या आधी हजर. सासऱ्यांनी मुकादमाला तोच सवाल टाकला. त्यानं क्षणाचाही विचार न करता सांगून टाकलं, गोरी, उंच, नाकेली, केस गुडघ्यापर्यंत, सिनेमातल्या नटीसारखी. सासरे म्हणाले, "तां तुझ्या डोक्यातलां झालां. गाण्यातलां सांग." मुकादम म्हणाला, "गाण्यात कायच नाय वो, नुसतो चंद्र." आणि चार भजी खाऊन, ती चांगली झाल्याचं प्रामाणिकपणे सांगून, तो गेला. माणूस वाईट नव्हता. पायरीवर येऊन थांबला होता, आत शिरायचा राहिला.

मग माझी पाळी. मी म्हणालो, "गाण्यात बाई दिसतच नाही."

सासऱ्यांनी फडकं खाली ठेवलं.

"कवीनं तिच्या पायाचं बोटसुद्धा दाखवलेलं नाही. चंद्र दाखवला, समुद्र दाखवला, एक खडा दाखवला. हे तिघं कसे वेडे झाले ते बघून आपणच समजायचं. नाक सांगितलं असतं तर कुणीतरी म्हणालं असतं, जरा बसकं आहे. आता कुणाची छाती आहे बोलायची?"

"पुरावो?"

आता आली पंचाईत. पुरावा सगळा समोरच्या बाकांवर बसला होता, आणि ज्याच्यापुढं मांडायचा तो मुलीचा बाप होता. पण मी सरळ बोलणारा माणूस. मी सांगून टाकलं. बेलीफांची बशी सांगितली, गाडीवानाची मिशी सांगितली, म्हाताऱ्यांचे गुडघे सांगितले. सांगत गेलो तसे ते तिघे बाकात खाली खाली बुडत गेले. बेलीफांनी तर तोंडापुढं वर्तमानपत्र धरलं, तेही उलटं. सासऱ्यांचा चेहरा भट्टीसारखा तापत चालला होता. सगळं ऐकून ते हळू आवाजात म्हणाले, "ह्ये असे बगी होते. आणि तू काय करी होतंस?"

मी म्हणालो, "माझ्या चहावर साय धरली होती."

इतक्यात वर नवं गाणं लागलं. सासऱ्यांनी हात वर केला आणि चालू गाण्याच्या मध्येच, आयुष्यात पहिल्यांदा, रेडिओ बंद केला. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात उलट्या वर्तमानपत्रामागून बेलीफांचा बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा." गाडीवान म्हणाला, "व्हय म्हाराजा." मग सगळं हॉटेल. सासरे खांदे हलवत हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला. "मोठेपणा झालो. बारीकपणा झालो," ते बोटं मोजत म्हणाले. "मागणी खंय?"

मी आधाराला छत्री चाचपली, ती जागेवर नव्हती. आतल्या फळीच्या दारामागून आवाज आला, "ओ बीए, चाय गार झाली आसतली. बदलून देव काय? आणि तुमची छत्री हय आसा."

लग्न लागलं, जेवणं झाली, आणि निघायच्या वेळी रिवाजाप्रमाणे सगळे त्यांच्या गावच्या रवळनाथाच्या देवळात गेलो. मुलगी सासरी जाताना देवापुढं नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं असतं, आणि ते घालणार खुद्द सासरे. ही बातमी पसरली होती. शेजारच्या वाड्यांतूनही माणसं आली होती. आज चंद्र उठणार, समुद्र आटणार, म्हातारा उधाण आणणार, म्हणून पोरंटोरं खांबांना धरून पुढं सरकत होती. सासऱ्यांनी दोन्ही हातांत नारळ घेतला. गळा साफ केला.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" देऊळ दणाणलं.

"आज ह्यां माझां चेडू..."

"व्हय म्हाराजा!" लोकांना धीर नव्हता.

पुढं काही येईना. मी आतुरतेनं वाट पाहत होतो, शेजार येतो की घरजावई, कुणाच्या अंगात येतं ते. सासरे मुलीकडे बघत होते. ती त्यांच्या समोर, माझ्या बाजूला उभी होती. मला तिच्याकडे बघता आलं असतं, पण मला एकदा चांगलं शिकवलेलं होतं. मी तिच्याकडे बघणाऱ्याकडे बघत राहिलो. ओठ दोनदा हलले. मग ते म्हणाले,

"बरां आसा."

एवढंच. मोठेपणा नाही, बारीकपणा नाही, मागणी नाही. जमलेल्या लोकांना कळेना की गाऱ्हाणं संपलं की अजून सुरू व्हायचं आहे. कुणी आवाज दिला नाही. बायकांनी गाऱ्हाण्यात बोलायची तिथं पद्धत नव्हती. पण मागच्या बाजूनं, बायकांच्या घोळक्यातून, एकटा आवाज आला. सासूबाईंचा.

"व्हय म्हाराजा."

आता सासरे नाहीत. रेडिओ आमच्याकडे आला आहे. चालत नाही, पण फळीवर आहे, आणि अबोली असली की आमची ही एक फूल त्याच्यापुढं ठेवते. मी अजून मुलांना अलंकार शिकवतो. नावं पुस्तकातलीच सांगतो, परीक्षेला तीच लागतात. मधूनच घरी मुलं विचारतात, लग्नात आई कशी दिसत होती? मी खूप आठवून बघतो. शालू कुठल्या रंगाचा होता, केसांत काय माळलं होतं, काही म्हणजे काही सांगता येत नाही, आणि ही रागावते. मला फक्त सासऱ्यांच्या हातातला तो नारळ आठवतो. तो इतका थरथरत होता की सगळं देऊळ गप्प असताना त्याच्या आतलं पाणी ऐकू येत होतं.